शेजारची चूल पेटली नाही त्या दिवशी

त्या श्रावणात मी इतकी दमले होते की देवापुढे हात जोडायचाही कंटाळा यायचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये बराकीतल्या दोन खोल्यांत नुकतेच राहायला आलो होतो. यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, तिथून जवळ म्हणून ही जागा घेतली. सामान लावून होतं न होतं तोच एका सकाळी ते मोरीत कोसळले आणि त्यांची उजवी बाजू गेली. वाचा राहिली, पण जड झाली. शब्द तोंडातच घोटाळायला लागले, तसं त्यांनी बोलणंच टाकलं.

त्याहून अवघड होतं त्यांचं जेवण. उजवा हात उचलत नव्हता आणि डाव्या हाताने जेवायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बायकोने भरवावं तर त्याची लाज. दोन चमचे पेज कशीबशी घ्यायचे, मग ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायचे. मी समजावलं, रागावले, रडले. एकदा ताटली आपटलीसुद्धा. गिळायला काही अडचण नाही, यांचं मनच घेत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणखी काही दिवस असंच चाललं तर इस्पितळात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि त्यातून माणूस उठेलच असं सांगता येत नाही, हेही त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. रोज माझ्या डोळ्यांसमोर ते वाळत चालले होते.

नातेवाईक सुरुवातीला आले. बदलापूर गावाहून दीर येत आणि पावसाचं बोलून जात. मग भाताच्या लावण्या सुरू झाल्या, त्यांचंही येणं थांबलं. शेजारपाजार सगळा सिंधी, माझी कोणाशी ओळख नाही. खरं म्हणजे मीच दार लावून घेत असे. यांचं रडणं कोणी पाहू नये असं मला वाटायचं. श्रावणातल्या एका सोमवारी, हे झोपलेले पाहून, मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून पिंडीवर पाणी घातलं आणि म्हटलं, आता माझ्याच्याने होत नाही, कोणाला तरी पाठव. त्या आठवड्यात माझ्या दारात फक्त पेपरवाला आला. तो काही देवाने पाठवलेला दिसत नव्हता. देवालाही आपल्याकडे बघायला सवड नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

बराकीतल्या भिंती नावाच्याच होत्या. मधल्या पत्र्यापलीकडे एक सिंधी कुटुंब राहायचं, सून, मुलगा आणि म्हातारी अम्मा. अम्माचा खोकला मला दिवसभर ऐकू यायचा आणि सकाळी उजाडलं की त्यांच्या स्टोव्हची फरफर. त्या आवाजावर मी उठायचे. एका सकाळी तो स्टोव्ह पेटलाच नाही. ना चहाचा वास, ना भांड्यांचा आवाज. खोकलाही नाही. दार किलकिलं करून पाहिलं तर डोक्यावर ओढण्या घेतलेल्या बायका एकामागून एक त्यांच्याकडे शिरत होत्या. आदल्या संध्याकाळी तिथे तळणीचा वास दरवळत होता, कोणी पाहुणे आले असतील म्हणून मी सोडून दिलं होतं. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरात काय झालेलं असतं, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. अम्मा गेल्या, असं मी धरून चालले.

मला आठवतं, त्या क्षणी मी माझा थकवा विसरले. अशा वेळी विचारायचं नसतं, नुसतं अन्न पोचवायचं असतं. मी पिठलं केलं, भात टाकला. कित्येक दिवसांनी दुसऱ्या कोणासाठी तरी हात चालत होते. पातेलं पदराखाली धरून गेले, उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि मान खाली घालून कोपऱ्यात बसले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून, हातात परात घेऊन, चांगल्या ठणठणीत अम्मा बाहेर आल्या.

माझी अवस्था काय झाली असेल ते तुम्हीच समजा. तो त्यांचा थदडीचा सण होता. त्या दिवशी सिंधी घरांत चूल पेटवत नाहीत. तिची पूजा करतात, शीतळादेवीच्या नावाने तिच्यावर पाणी शिंपडतात आणि आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड अन्न खातात. सणासुदीच्या घरात मी सुतकाचं पिठलं-भात घेऊन आले होते. सुनेला, म्हणजे पुढे मी जिला भाभी म्हणायला लागले तिला, मी खरं ते सांगून टाकलं, आणि तिचा चेहरा उतरला. अम्मा मात्र खोकला येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "अपने मरने का खाना खुद खाने को किसको मिलता है? आज गरम नहीं चलता. ढक के रख, कल खाऊँगी."

त्या हसल्या आणि मला रडू फुटलं. सणाच्या घरात, परक्या बायकांसमोर मी पदरात तोंड खुपसून रडले, आणि इतके दिवस दाराआड कोंडलेलं सगळं सांगितलं. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, पण बायकांना कळायचं ते कळलं. भाभी माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. पत्र्यापलीकडून रडण्याचा आवाज त्यांनाही ऐकू यायचा, पण बंद दार कसं वाजवायचं म्हणून त्या थांबल्या होत्या.

अम्मा उठल्या. पाण्याचा लोटा आणि एक लोलो, म्हणजे त्यांची साखरेची जाड गोड पोळी, घेऊन सरळ आमच्या घरात शिरल्या. यांनी नेहमीसारखं तोंड फिरवलं. अम्मांनी देवीचं नाव घेत त्यांच्या कपाळावर गार पाणी शिंपडलं आणि पोळीचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. प्रसाद. आमच्यात प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. यांनी उजव्या हाताकडे पाहिलं, तो पडून होता. मग माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे भरून आले. अम्मांनी त्यांचा डावा हात उचलला, तुकडा तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली. पोटच्या मुलाला हाक मारावी तशा म्हणाल्या,

"भगवान ने अभी यही हाथ रखा है ना, पुट. इसी से ले."

बराच वेळ ते त्या मुठीकडे बघत राहिले. मग हात हळूहळू वर गेला. अर्धा तुकडा अंगावर सांडला, अर्धा तोंडात गेला. त्यांनी तो चावला, गिळला आणि हात पुन्हा पुढे केला. अम्मांनी दुसरा तुकडा ठेवला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

याला कोणी चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. पण मी देवाला म्हटलं होतं, कोणाला तरी पाठव, आणि त्याने मलाच उठवून शेजारी पाठवलं, असं मला आजही वाटतं. मी दार लावून मदतीची वाट पाहत बसले होते. ते दार आतून उघडायचं होतं. तेही माझ्या हातून शहाणपणाने उघडलं नाही, चुकून उघडलं. शरण जाणं म्हणजे काय हे मला पोथीतून कधी कळलं नव्हतं. उजव्या हातासाठी मी किती नवस बोलले! तो हात शेवटपर्यंत उचलला नाही. पण जे आपल्याजवळ उरलं आहे ते पुढे करावं, त्यावर काय ठेवायचं ते देणाऱ्याला ठाऊक असतं, एवढं मी शिकले. अम्मांची आणि त्या भोळ्या सांबाची मी कायमची ऋणी आहे.

त्या दुपारी लोलो संपल्यावर अम्मा आपल्या घरी परतल्या. मी यांच्या अंगावरचा चुरा पुसत होते. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, पाणी हवं असेल, म्हणून मी कान जवळ नेला. कितीतरी दिवसांनी त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं.

"तू जेवलीस का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने पलंगावर जागा करून दिली, आणि मी तिथेच ताट घेऊन बसले.