वॉर्डाच्या दारातले निरोप

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोरींनाही नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून जीभ उचलते आहे — आणि तरी मनात येतंच, हे माणूस कुठे जाऊन बोललं तर? सवय आहे माझी. संशयाची.

नवरा देवासच्या कारखान्यात लागला म्हणून आम्ही जळगावकडून इकडे मध्य प्रदेशात आलो. मग तो वारला. पदरात दोन पोरी. मी एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागले. नव्वदच्या पुढची गोष्ट. बायकांच्या वॉर्डाच्या दारात माझं स्टूल. आत पेशंटजवळ एकच बाई राहायची, बाकी सगळे फाटकाबाहेर. डबा म्हणा, निरोप म्हणा, माझ्याच हातानं आत जायचा.

कुंदा धारची, आपल्यातलीच, मराठी. पिशवीचं ऑपरेशन झालेलं. लग्न केलेलं नव्हतं. तिच्याजवळ रेखा राहायची, अमझेऱ्याची. दोघी एकाच कारखान्यात पॅकिंगला, एकाच खोलीत राहणाऱ्या. रेखा तिचं सगळं करायची. भांडं द्यायची, अंग पुसायची, वेणी घालायची. मला पटेना. सख्खी बहीण एवढं करत नाही, ही का करते? आधी वाटलं, कुंदाच्या गळ्यातल्या साखळीवर डोळा असेल. मी साखळीवर नजर ठेवली.

मग एका दुपारी पडद्याआडून बघितलं — हो, मुद्दाम बघितलं. रेखानं तिच्या कपाळावर ओठ टेकले. कुंदानं तिचा हात ओढून गालाखाली घेतला. एवढंच. माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. त्या दिवसापासून कुंदाची चादर मी काठीनं उचलायला लागले. आजाऱ्याची चादर. तेच तर माझं काम होतं ना?

धारहून भाऊ आला. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, दादा, ही नुसती मैत्रीण नाही, घरची अब्रू सांभाळा. पुढचं तो समजला. रेखाला बाहेर काढलं आणि बायकोला आणून बसवलं. ती टाके बघून तोंड फिरवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा फाटकाशी. दलियाचा डबा माझ्या हातात दिला.

"मौसी, उसको बस इतना बोल देना, मैं बाहर ही बैठी हूँ."

आता ऐका. निरोप अडव असं भावानं मला सांगितलेलं नव्हतं. कोणीच नव्हतं सांगितलं. मी आत गेले. कुंदा दाराकडेच डोळे लावून होती.

"रेखा आली का हो, मावशी?"

"नाही. गावी गेली म्हणतात."

डबा मी मागच्या नळाशी बसून खाल्ला. गरम होता, तूप घातलेला. भूक होती, खरं आहे — पण भुकेपायी खोटं बोलले नाही मी.

संध्याकाळी रेखानं डबा उघडून बघितला. रिकामा बघून तिचं तोंड कसं उजळलं — सब खा लिया? मी हो म्हटलं. मग म्हणाली, कुछ बोली?

"बोली, अब मत आना. भाई के घर जा रही है."

ती भांडली नाही. झाकण लावायला लागली, ते बसेना. मग विचारलं, दर्द तो कम है ना उसको? मी मान हलवली. ती बसस्टँडकडे गेली. परत आली नाही.

कुंदानं जेवण सोडलं. टाके पिकले, ताप चढला. सिस्टर भली होती, केरळची. तिनं मला विचारलं, मौसी, इसको किसी ने कुछ बोला क्या? मी म्हटलं, पता नहीं. खरं सांगितलं असतं तर तिनं रेखाला शोधून आत आणून बसवलंच असतं. हे मला माहीत होतं — म्हणून तर गप्प बसले.

अंगात ताप असतानाच भाऊ तिला जीपमध्ये घालून धारला घेऊन गेला. जगली का गेली, मी विचारलं नाही. मांडूला नणंदेकडे जाताना बस धारला थांबते. मी खाली उतरत नाही.

कुंदाला वाटलं, रेखा सोडून गेली. रेखाला वाटलं, कुंदानं हाकललं. त्या दोघी एकमेकींना तसं काहीच बोलल्या नव्हत्या. जे बोलले, ते मी बोलले.