पायऱ्यांवरचा बर्फ

९ फेब्रुवारी. सकाळी सहाला उणे आठ अंश. आभाळ स्वच्छ, वारा नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची सुरुवात अशी आहे. पण मंडळी, त्याच्या खाली जे लिहिलंय ते मी आजवर फक्त बायकोला वाचून दाखवलं, आणि त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी सरळ तोंडानं बोलू शकली नाही. तुम्ही आधी तोंडातला घोट गिळा. मग सांगतो.

मी ढाणकीचा. बाजारच्या रस्त्यावर माझं चहा-नाश्त्याचं दुकान. शिक्षण नववी. वही मात्र रोज लिहितो. तारीख, हवा, काय केलं आणि किती वाजता केलं. कुणी शिकवलं नाही, लागली सवय. माझा स्वभावच तसा. जे काम करायचं ते नीट करायचं आणि केलं की लिहून ठेवायचं. याच स्वभावानं माझा घात केला, दुसरं काय!

झालं असं, की उमरखेडचे सलीमभाई, पाइप आणि बॉयलरचे मिस्त्री, आखातात एका जेवणाच्या कंत्राटदाराकडे कित्येक वर्षं होते. त्या कंत्राटदाराला युरोपातल्या एका डोंगरावर काम लागलं. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत येतात ना खेळाडू, त्यांची जागतिक स्पर्धा. खेळाडू टीव्हीवर दिसतात. पण पंच, पहारेकरी, बर्फ सारखा करणारी माणसं, या सगळ्यांना दोन वेळा जेवायला लागतं, आणि ती मेस टीव्हीवर दिसत नाही. तिथं मदतनीस हवे होते. गावाचं नाव सांगत नाही. करारात तशी अट होती आणि मी अट मोडत नाही.

सलीमभाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला. म्हणाले, "देवाभाऊ, दुकान द्या भावाच्या हातात न चला दोन महिने. जलमभर उन्हात भाजून राह्यले तुम्ही, जरासक गार व्हा!"

झालो. चांगला गार झालो.

मेसच्या मुख्य मार्टाबाई. उंच, पन्नाशीच्या, आवाज कधी चढवत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मागचं दार दाखवलं, दारापुढचा सिमेंटचा तुकडा दाखवला आणि काहीतरी बोलल्या. सलीमभाईंना कामापुरती इंग्रजी येते. ते म्हणाले, "बाई म्हणते, हे दार तुमचं. रोज सहाला उघडा, पुढची जागा साफ ठेवा."

आता मला सांगा, आपल्याकडे शटर वर गेलं की पहिलं काम कोणतं? दुकानापुढं पाणी मारायचं! झाडू नंतर, चूल नंतर, आधी पाणी. धूळ बसते, जागा उजळते. पाणी मारल्याशिवाय दुकान उघडलं असं गिऱ्हाइकालाही वाटत नाही आणि मालकालाही नाही. इतकी वर्षं मी हेच केलं. मग मार्टाबाईंचं दार काय कोरडं उघडू?

रोज सहाला दोन बादल्या. तेही गरम पाणी, कारण एवढ्या थंडीत जमिनीवर गार पाणी टाकणं मला बरं वाटेना. दाराच्या वर किचनचा पंखा होता, तो आतली गरम हवा बाहेर फेकायचा. पाच-दहा मिनिटांत जागा कोरडी आणि स्वच्छ. मी समाधानानं आत जाऊन बटाटे सोलायला बसायचो. पाणी कुठं गेलं, याचा मी विचार केला नाही. ढाणकीतही कधी केला नव्हता. आपली काळी माती पाणी पिऊन टाकते, विषय संपला!

दारापासून वीसेक पावलांवर भिंत वळते आणि त्या वळणापलीकडे सहा पायऱ्या उतरतात. दारातून त्या दिसत नाहीत. सामान त्याच पायऱ्यांवरून वर यायचं, माणसंही त्याच वाटेनं जायची.

तिसऱ्या दिवशी अंडी पडली. अंडीवाल्यासकट. पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ, खालचं सिमेंट आरपार दिसावं इतका. सगळे म्हणाले, थंडी आहे, व्हायचंच. मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काच, आणि पावाच्या पेट्या खाली. मग एक पहारेकरी बसल्या बसल्या सहाही पायऱ्या उतरला. त्याला उठवायला मीच धावलो. मी नाही घसरलो. कसा घसरणार? बुटाला बांधायला खिळ्यांचे रबरी पट्टे दिले होते. बाकीचे आळस करायचे, मी रोज बांधायचो. वर त्या पहारेकऱ्याला खुणेनं समजावलं, की बाबा, नियम पाळावेत.

मग एक पंच पडले. बर्फाच्या उतारावरून घेतलेल्या उडीला गुण देणारे, पांढऱ्या मिशांचे सज्जन गृहस्थ. उजवं मनगट मोडलं. ज्या हातानं गुण लिहायचे तोच हात!

आता मात्र वरून साहेब आले. बर्फ आभाळातून पडलेला नाही, हे कुणालाही कळत होतं. आठवडाभर आभाळ स्वच्छ होतं. म्हणजे पाणी खालून येतंय. पायऱ्यांखालून काय जातं? गरम पाण्याचा पाइप. कुणी टाकला? सलीमभाईंनी.

तीन पायऱ्या कडेनं उकरल्या. पाइप ठणठणीत कोरडा. तरी साहेब म्हणाले, मग आत भिंतीत कुठं तरी गळत असेल. नऊ तारखेच्या सकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर हा माणूस घरी जाईल.

सलीमभाईंना तिथंच कायम करायचं ठरलं होतं. स्पर्धा संपली तरी ते बॉयलरवर राहणार होते. एक ठपका आला की ते सगळं गेलं.

ते कोठीघरात बटाट्याच्या पोत्यावर बसलेले दिसले.

"काहून असे बसले, सलीमभाई?"

"काय करू मंग, नाचू? आजपावतर माहा एक जॉइंट गळला नाही, देवाभाऊ. घरी फोन करून सांगतलं न मी, पक्का होऊन राह्यलो म्हणून. अम्मीनं मोहल्ल्यात मिठाई वाटली. आता कोणत्या तोंडानं उतरू उमरखेडच्या स्टँडवर?"

माझा जीव तुटला. या माणसानं मला इथं आणलं! मी म्हणालो, "मी शोधतो. वही आहे माह्यापाशी."

"वहीनं पाइप बुजत असते का?"

"पाणी किती वाजता येते ते तर समजते. वेळ सापडली की जागा सापडते."

मार्टाबाईंनी परवानगी दिली. तीन दिवस मी दर पंधरा मिनिटांनी पायऱ्या पाहिल्या आणि लिहिलं. सहाला कोरड्या, आदल्या दिवसाचा बर्फ मिठानं गेलेला. सव्वासहाला बारीक ओघळ. साडेसहाला काच. तिन्ही दिवस तसंच! आनंदानं मी मार्टाबाईंना घड्याळ दाखवून खुणेनं सांगून आलो, पाणी सहा वाजल्यानंतरच येतं. माझा निष्कर्ष त्यांनी लगेच साहेबांना कळवला.

सहा वाजता आणखी काय व्हायचं, ठाऊक आहे? सलीमभाई बॉयलर चालू करायचे.

"देवाभाऊ," सलीमभाई मला म्हणाले, "एक गोष्ट खरी सांगा. तुम्ही माहे दोस्त आहे का साहेबाचे?"

"असं काहून म्हणता?"

"काल लोक म्हणत होते, पाइप गळत असन. आज म्हणून राह्यले, सलीमच गाळते!"

मी रात्रभर तळमळलो. शेवटी ठरवलं, की अर्धवट सांगण्यात चूक झाली. सगळी नोंद, मिनिटामिनिटाची, सर्वांसमोर वाचायची. त्यातून सलीमभाईंचं निर्दोषपण आपोआप दिसेल. हे मात्र बरोबर ठरलं.

नऊ तारखेला दहा वाजता बैठक भरली. साहेब, मार्टाबाई, हात गळ्यात बांधलेले पंच, सलीमभाई आणि मी. मी उभा राहून त्याच सकाळचं पान वाचू लागलो. एकेक ओळ मी वाचायची, सलीमभाईंनी इंग्रजीत सांगायची.

"पाच पन्नास. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले."

सलीमभाईंनी सांगितलं. पंचांनी मान हलवली.

"सहा. दार उघडलं. दारापुढची जागा कोरडी. पायऱ्या पाहून आलो, कोरड्या."

सलीमभाईंनी सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं.

"सहा पाच. दारापुढे नेहमीप्रमाणे दोन बादल्या गरम पाणी मारलं."

सलीमभाईंचं तोंड उघडलं. इंग्रजी काही बाहेर आली नाही.

"सांगा न," मी हळूच म्हणालो. "खरी गोष्ट तर पुढं आहे."

"देवाभाऊ. पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. जरा सावकाश.

"कोणं मारलं पाणी?"

"मीच. दार माहं आहे न."

"कायले?"

"कायले म्हणजे? दुकान उघडलं की मारत नाही का आपण?"

सलीमभाईंनी डोळे मिटले. "या अल्ला. रोज?"

आता मंडळी, ऐका. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या कामावर शंका घेतली जाते आहे! मी ताठ झालो. "रोज म्हणजे रोज! एक दिवस खाडा नाही!" असं म्हणून मी मागची पानं उघडली आणि एकेका तारखेवर बोट ठेवून साहेबांना दाखवू लागलो. अंडी पडली तो दिवस, दोन बादल्या. पाव पडला तो दिवस, दोन बादल्या. पंच पडले तो दिवस...

तिथं माझं बोट थांबलं. पण पुरावा तोवर पूर्ण झाला होता.

सलीमभाईंनी सगळं इंग्रजीत सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेब उठले, बादल्या मागवल्या आणि आम्ही सगळे मागच्या दाराशी गेलो. मला खूण केली, रोज करता तसं करा.

केलं. काय करणार? बैठकीसमोर उभं राहून, मनगटाचा झटका देऊन, सारखं पसरेल असं पाणी मारलं. थोडं वाळलं. बाकीचं भिंतीच्या कडेनं निघालं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाण्यामागून चाललो. वीस पावलं, वळण, पहिली पायरी, दुसरी, सहावी. तिथं सगळे उभे राहिलो आणि ते गोठताना पाहिलं. पंच बरेच लांब उभे होते.

मार्टाबाई माझ्याकडे पाहून दोन शब्द बोलल्या.

"काय म्हणली बाई?" मी विचारलं.

सलीमभाई म्हणाले, "राहू द्या."

मी पंचांसमोर जाऊन हात जोडले. त्यांनी डावा हात पुढं केला, मी तो धरला, आणि ते एक पाऊल पायऱ्यांपासून आणखी लांब सरकले.

त्याच दिवशी सलीमभाईंवरचा ठपका काढला. मार्चपासून ते तिथं कायम आहेत. पायऱ्यांच्या उकरलेल्या कडा बुजवल्या. मला धुतलेली ताटं कोरड्या फडक्यानं पुसण्याच्या कामावर घेतलं आणि तिथं मी स्पर्धा संपेपर्यंत होतो. प्रत्येक दारावर सूचना लागली: बाहेर पाणी टाकू नये. सूचना सात भाषांत होती. त्यातली मराठी ओळ माझ्याकडून लिहून घेतली. सलीमभाई उर्दू शाळेत शिकलेले, त्यांच्यासाठी उर्दूत वेगळी ओळ होती. त्या डोंगरावर ती मराठी ओळ वाचणारा मी एकटा होतो.