मडमेचं दूध

बरणीला कान लावून आबा डोळे मिटत आणि बराच वेळ तसेच उभे राहत. काय ऐकू येतंय, असं विचारलं की म्हणत, “मला काय ठावं!”

आबा कुसगावचे. लोणावळ्यात आमच्या शेजारच्या बंगल्यात एका म्हाताऱ्या मडमेकडे ते स्वयंपाकी होते. मी शाळामास्तर. बंगल्याचं मागचं दार माझ्या अंगणात उघडे, म्हणून हे सगळं मला दिसे. दिसे तेवढं समजे असं मात्र नाही.

दिवाळी सरली की बरणी भरायची. अंड्यांचा बलक, साखर, दूध, साय, जायफळ आणि भरपूर ब्रँडी. मडम त्याला एगनॉग म्हणे, आबा ‘मडमेचं दूध’ म्हणत. नाताळपर्यंत ते गार कोठीत मुरायचं. आमच्याकडे तापवायला जरा उशीर झाला की दूध नासतं, मग हे इतके दिवस टिकतं कसं? दारूमुळे, असं मडम सांगे. आबांचा भरवसा स्वतःच्या शिस्तीवर. लोणच्यासारखी ते बरणी जपत. “गुर्जी, वल्ला हात लावू नगा!” मी कशाला लावतोय? पण दटावणी ठरलेली.

गंमत पुढेच आहे. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. अंडं, मटण, दारू सगळं वर्ज्य. दिवसभर तेच रांधायचं आणि संध्याकाळी विहिरीवर आंघोळ करून भजनाला जायचं. “हात नोकरीचं, तोंड माजं,” असा त्यांचा हिशेब. चव मडम बघे. चमचाभर जिभेवर ठेवून म्हणे, “अबी कच्चा.” मग आबा पुन्हा फडकं बांधत.

मडमेचा एकुलता मुलगा लढाईवर होता. एका वर्षी त्याला नाताळची रजा मिळाली. इकडे बरणी भरली आणि आठवड्याभरात मडम वारली. मुलाला ती ‘बाबा’ म्हणे. जाताना आबांना एवढंच म्हणाली, “बाबा को वैसाच देना.”

नाताळच्या सकाळी आबा माझ्याकडे आले. “गुर्जी, चव कोन बघनार?”

मी जन्मात अंड्याला शिवलो नव्हतो. आम्ही दोघे सोवळे त्या बरणीसमोर बसून राहिलो. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण आबांचा चेहरा बघवत नव्हता.

“बिगडलं आसंल आन पोरानं पेलं, तर मडमेला काय त्वांड दावू?”

मग त्यांनी माळ काढली, खुंटीला अडकवली आणि चमचा तोंडात घातला. मी थक्क झालो.

“कसं आहे?” मी विचारलं.

आबा गोंधळले. “मला काय ठावं! आदी कवा चाखलंय व्हय मी?”

दुपारी मुलगा आला. पहिला घोट घेतला आणि पेला हातात धरून तो तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आबांनी माझी बाही ओढली. “बिगडलं व्हय ओ?”

तेवढ्यात मुलाने पेला पुढे केला. “आबा, और दो.”

पुढे बंगला विकला. रिकामी बरणी घेऊन आबा कुसगावला गेले. माळ त्यांनी पुन्हा घातली नाही. पुन्हा घ्या म्हटलं, तर म्हणाले, “मोडली ती मोडली, गुर्जी.” मला त्या माणसाची फार माया वाटे, पण हे काही उमगलं नाही.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी कुसगावला गेलो. कोपऱ्यात तीच बरणी, आता तिच्यात आंब्याचं लोणचं. त्यांची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, “गुर्जी, लय वर्सांची माळ काडली त्यांनी. का, ते मला कदी सांगितलं न्हाई. तुमाला ठावं आसंल.”

सगळं ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याने जन्माचं व्रत मडमेच्या चमचाभर दुधापायी मोडलं, हे तिला अभिमानाचं वाटेल की लाजेचं, मला ठरवता येईना.

“मला काय ठाऊक, मावशी,” मी म्हणालो.