खुर्च्यांवर टाकलेले रुमाल

बडोद्याहून मी, नवरा आणि सासूबाई पहिल्यांदाच मोठ्या बोटीच्या सहलीला गेलो होतो. चढल्या चढल्या सासूबाईंनी डेकवरच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकले. करजणच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची त्यांची जुनी सवय. पहिलं बंदर आलं, तसे सगळे भराभर उतरले, नवरासुद्धा. "अगं, आपण उतरलो तर जागा जाईल," सासूबाई म्हणाल्या. झालं, मीही थांबले.

अर्ध्या तासात अख्खी बोट रिकामी! शेकडो खुर्च्या ओस पडल्या. आम्ही दोघी लिफ्टमधून उगाचच पाच वेळा वर-खाली करून आलो. मग साड्या गुडघ्यापर्यंत खोचून पोहण्याच्या तलावात पाय सोडले, एकमेकींवर पाणी उडवलं आणि पोट दुखेपर्यंत हसलो. रावपुऱ्यातल्या घरात त्या माझ्यासमोर इतक्या मोठ्यानं कधी हसल्याच नव्हत्या.

संध्याकाळी नवरा घामाघूम होऊन परतला. "दिवसभर इथे केलंत तरी काय?"

सासूबाईंनी ओले पाय पटकन साडीखाली ओढले. "जागा धरली," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवं बंदर आलं, तेव्हा रुमाल मी टाकले.