रस्त्यापलीकडचे विहार

आमच्या शेजारच्या वच्छलाबाई मेश्राम यांच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवे होते. मला नीट जमेल असे वाटत नाही, तरी लिहितो.

नंदनवनकडच्या आमच्या वस्तीत रस्त्याच्या या अंगाला आमची घरे, त्या अंगाला विहार. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. त्याआधी त्रिसरण, पंचशील वच्छलाबाईंनी सांगायचे आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागून म्हणायचे, अशी रीतच होती. पाचवे, दारूचे शील आले की त्या वळून म्हणत, “जोरात म्हण गा धोंडबा, इथंच काहून घसा बसते तुहा?” सगळे विहार हसे, धोंडबाही.

मग रस्ता सिमेंटचा झाला, रुंद झाला आणि गाड्या सुसाट जाऊ लागल्या. वच्छलाबाईंचा गुडघा दुखरा. दोन पावले टाकत, हॉर्न वाजला की मागे येत. मी हात धरू का म्हटले, तर म्हणाल्या, “नानाजी, तुहाच हात धराले एक माणूस लागते.”

वेगमर्यादा लावा म्हणून आम्ही अर्ज केला. साहेबांनी विचारले, तिथे अपघात किती झाले? एकही झाला नव्हता. कसा होणार? रस्ता ओलांडायचेच लोकांनी सोडले होते. मुले पलीकडे खेळायला जाईनात, बाया विरजण मागायला जाईनात.

शेवटी विहाराच्या मंडळींनी एक भोंगा वच्छलाबाईंच्या घराकडे तोंड करून बसवला. आम्हाला फार बरे वाटले. त्या पांढरी साडी नेसून ओट्यावर खुर्चीत बसत आणि भोंग्यामागून शील म्हणत. त्यांचा आवाज तिकडे जात नसे. सोय झाली म्हणून त्यांना बोलवायचेही सगळ्यांनी सोडले. बसून बसून वच्छलाबाईंचे पाय गेले. तिकडे धोंडबा वारला, त्यांच्या बरोबरीच्या बायाही एकेक करून गेल्या.

गेल्या वर्षी जवळच्या शाळेसाठी रस्त्यावर ताशी तीसच्या वेगमर्यादेचा फलक आला, गतिरोधक आले. संध्याकाळी एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ लागले. लोक सहज पलीकडे जाऊन येऊ लागले. वर्षावासाच्या समाप्तीला मी वच्छलाबाईंकडे गेलो.

“चला, आता गाड्या हळू चालतात.”

“गाड्या चालून राहिल्या गा. मी कुठं चालून राहिली?”

त्यांचा पुतण्या अंकुश आणि त्याच्या मित्राने त्यांना खुर्चीसकट उचलले. “नवरीवानी काहून नेता रे मले?” त्या हसत होत्या. एक कार हॉर्न न वाजवता थांबून राहिली.

विहारात सगळे हात जोडून बसले. वच्छलाबाईंनी सवयीने श्वास भरून घेतला, तेवढ्यात माइकवरून गार्गी नावाच्या मुलीने सुरुवात केली. आवाज गोड होता. वच्छलाबाईंनी श्वास सोडला आणि तिच्यामागून हळूच म्हणू लागल्या.

खीर वाटताना गार्गी त्यांच्यापुढे वाकली. “आजी, तुम्ही कुठून आल्या?”

मी सांगायला हवे होते.

“इथूनच, समोरून,” त्या म्हणाल्या.

“हो का? कधी दिसल्या नाही.”

खीर तशीच ठेवून त्या म्हणाल्या, “अंकुश, ने बापा मले घरी.”

पुढच्या पौर्णिमेला मी पुन्हा बोलवायला गेलो.

“पोरगी चांगली म्हणते,” त्या म्हणाल्या. “जाय गा तू, तुले उशीर होईन.”

मी एकटाच निघालो. रस्ता ओलांडायला काहीच वेळ लागला नाही.