मामांची जुनी लेन्स आणि भाजे लेण्यांतला राहिलेला फोटो

मामांची लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावून भाजे लेण्यांत जायचं ठरलं, तेव्हा मामी एवढंच म्हणाल्या, "या वेळी रोल तरी नीट भरा."

लग्नानंतर मामांनी त्यांना तिथे नेऊन भरपूर फोटो काढले होते. पण फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या चाकात अडकलंच नव्हतं. रोल जागचा हलला नाही, एकही फोटो आला नाही. तो कॅमेरा पुढे बंद पडला. लेन्स मात्र ओल लागू नये म्हणून मामांनी रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात जपली. आता मामींचे गुडघे दुखतात. पुन्हा त्या पायऱ्या चढणं होईलसं वाटत नव्हतं. त्यामुळे हा एक फोटो यायलाच हवा होता.

मी खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये ओळखपत्रांचे फोटो काढतो. कॅमेरा सेकंडहँड घेतलाय. जुनी लेन्स त्यावर सरळ बसत नाही, मध्ये अडॅप्टर नावाची धातूची कडी लागते. ती ऑनलाइन मिळते. पण मागवताना लेन्स आणि कॅमेरा, दोन्हींची नावं अक्षर न् अक्षर जुळवा.

रविवारी सकाळी वारज्याहून स्कूटरने खडकीला मामांकडे गेलो. तिथून तिघं लोणावळा लोकलने मळवलीला. दुपारी गाड्या कमी असतात, वेळापत्रक बघूनच निघा. तिकीट चहाच्या पैशांत येतं. स्टेशनपासून लेण्यांचा पायथा चालत गाठता येतो, पण मामींसाठी रिक्षा केली. पायथ्याशी पिठलं-भाकरी खाल्ली. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, तेव्हा आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोचावा म्हणून उन्हं कलताना वर जा.

मामी मध्येमध्ये पायरीवर बसत वर आल्या. स्तूपासमोर हात जोडले, मग पदर सारखा करून माझ्याकडे वळल्या. मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, लेन्स नाही.

"मग पुढे काय वाटी लावलीय?" मामा म्हणाले.

जुन्या लेन्सकडून कॅमेऱ्याला काहीच संदेश जात नाही, त्यामुळे त्याला ती लावल्याचं कळत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी मेनू मी एकेक शब्द लावत वाचतो. तसाच वाचत गेलो. मामी हलल्या नाहीत. शेवटी सापडलं: लेन्स नसली तरी फोटो काढू द्यायची सोय. तुम्ही ती घरूनच चालू करून निघा.

फोकस हातानेच करायचा असतो. मोतीबिंदूमुळे मामांना पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं, पण लेन्सचं कडं त्यांनाच फिरवायचं होतं. ते सावकाश फिरवत राहिले. मी पडद्यावर मामींचे डोळे पाहत होतो. ते लख्ख झाले तेव्हा "थांबा" म्हणालो आणि बटण दाबलं.

"आला?" मामींनी विचारलं.

"आला."

"दाखव आधी."

खडकीला परतल्यावर फोटो टीव्हीवर लावला. मामी अगदी स्पष्ट, मागचा स्तूप उजेडात विरघळल्यासारखा. कोपऱ्यात मात्र एक तांबूस डाग होता. मामांचं बोट लेन्सपुढे आलं होतं. मी म्हणालो, तेवढं कापून टाकतो.

"काही कापू नकोस," मामी म्हणाल्या. "मागच्या वेळी कुणीच आलो नव्हतो. आता दोघं आलोय."

फोटो तसाच छापून दिला. लेन्स मामांनी मला दिली. ती आता वारज्याला आमच्या तांदळाच्या डब्यात असते. भात लावताना आई रोज ती बाजूला काढते, कुरकुरते, आणि परत नीट पुरून ठेवते.