मंदाचं ‘नको’

मंदा म्हणजे आरंभशूर. योगासनं आठवडाभर टिकली, ड्रायव्हिंगचे धडे त्याहून कमी. त्यामुळे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे गावोगावचे जुने लाकडी हॉल वाचावेत म्हणून क्राइस्टचर्चहून ब्लफपर्यंत पदयात्रा निघाली आणि मंदाने तिच्यात नाव घातलं, तेव्हा लेक इरा म्हणाली, “आई, यू’ल बी इन अ कार बाय टिमारू.” मंदाला ते फार लागलं. अशाच एका हॉलमध्ये, या देशात अगदी नवीन असताना, अनोळखी गावकऱ्यांनी खुर्च्या मांडून दिल्या होत्या आणि याच इराचं बारसं झालं होतं.

पदयात्रेचा नियम एकच होता. गाडीत बसलात की तुमचं चालणं संपलं, पुढे सामानाच्या व्हॅनमधून यायचं. टिमारू मागे पडलं, डुनेडिनही. ब्लफच्या आदल्या दिवशी मात्र टाचेचा फोड फुटला. बूट काढून मंदाने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चढवल्या, तोवर बाकीचे पुढे निघून गेले. आता बघायला मेंढ्यांशिवाय कोणी नव्हतं. गाडी आली तर बसायचं, असं तिने सरळ ठरवून टाकलं.

गाडी आली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने काच खाली केली. “नीड अ लिफ्ट, लव्ह?”

“नो नो, आय ॲम फाइन,” मंदा म्हणाली. पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं तिच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्यांदा थोडे आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्यांदा बसायचं. पाठीवरची बॅग तिने काढायलासुद्धा घेतली.

“स्वीट ॲज,” म्हणजे ‘बरं तर’, असं म्हणून म्हातारा निघून गेला.

मंदा बघतच राहिली. माणसाने निदान दोनदा तरी विचारावं की नाही? मग ती तणतणत चालू लागली, आणि रागाच्या भरात टाच जरा कमी दुखली.

मुक्कामाच्या हॉलबाहेर सगळे टाळ्या वाजवत उभे होते. पाय रक्ताळलेला असूनही या बाईने लिफ्ट नाकारली, असं म्हाताऱ्याने येऊन सांगितलं होतं. व्हॅन चालवणारा तिचा नवरा बाळ गरम पाण्याची बादली घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “मंदे, खरं सांग. त्याने अजून एकदा विचारलं असतं तर?”

मंदाने पाय पाण्यात सोडले. तिला इतकं हायसं वाटत होतं की डोळे भरून आले.

“बसले असते रे. आपल्याकडचा कोणी भेटला असता, तर मेलेच होते मी.”